सुकटीच्या डब्यातून बँकेत गेलेलं सोनं

आमच्या चिंचणीच्या बाजूला आदी सोनं सुकटीच्या डब्यात ठेवायचे. वरती चार बोटं सुकट, खाली फडक्यात गुंडाळलेली गळसरी, पाटल्या, कुड्या. लग्नाला म्हणून बाहेर काढलं की दोन दिवस वास जायचा नाय. बाजूला येऊन कोण बसली की न विचारता कळायचं, हिचं सोनं कुठं राहतं ते. लाज कोणाला नव्हती, सगळ्यांचा वास तोच. चोर काय सुकट चोरणार हाय, असं सगळ्या म्हणायच्या. मंग एकदा आमच्या आळीत चोर आले, त्यांनी अख्खा डबाच उचलून नेला, सुकटीसकट. त्या घरची बाई डोकं धरून बसली. आमी तिच्याजवळ बसलो होतो, पण प्रत्येकीचा जीव आपापल्या डब्यात.

आमची घरं तशीच. बाप्ये होडीवर गेले की चार-चार दिवस परत नाय. बायका पहाटेच मासळी घ्यायला जाणार, तिथून बोईसरच्या बाजारात. घराला फळ्यांचं दार, कडी ओढली की झालं.

मी बोईसरला पाटी घेऊन बसायची. माझे मालक आदीच गेले होते. मुलगा एकच, तो दुसऱ्याच्या होडीवर जायचा. त्याचं लग्न झालं तवा सुनेच्या अंगावर तिच्या बापानं घातलं, मी घातलं, सगळं मिळून आठ तोळे. सून आली त्याच वर्षी ती डब्याची चोरी झाली. मला झोप लागेना. दुसऱ्याची पोर घरात आलीय, तिचं सोनं मी सुकटीत पुरून ठेवलंय.

बाजारात माझ्याकडे एका बँकेचा मॅनेजर मांदेली घ्यायला यायचा. माणूस साधा, पण दहा रुपयांसाठी पाऊण तास घासाघीस करायचा. मी त्याला बोलायची, "साहेब, बँकेत पण असंच करता काय?" तो हसायचा. त्याला एकदा विचारलं, तुमच्याकडे ती लोखंडी कपाटं असतात, लॉकर, त्यातलं एक मला मिळेल काय. तो बोलला, "मावशी, यादी एवढी मोठी आहे की तुमच्या नातवाला मिळेल."

"मंग आमी काय करायचं?"

"सोनं तारण ठेवा. थोडं कर्ज घ्या."

"कर्ज नको बाबा. मला कर्जाची गरज नाय."

"अहो, नावापुरतं. पाच हजार घ्या. सोनं आमच्या तिजोरीत राहील, सील करून. वर्षाला थोडं व्याज भरा. तिजोरीचं भाडं समजा."

मला पटलं. अजून पण मला त्यात काय वाईट दिसत नाय. त्याला कर्ज दिल्याचं दाखवायचं होतं, वरून त्याच्यामागे लागले होते. मला जाड दाराची तिजोरी पाहिजे होती. दोघांचं काम झालं. कर्ज मुलाच्या नावावर काढलं, कारण त्याला सही यायची आणि मोबाईल होता. माझा नुसता अंगठा. बँकेच्या सोनारानं दगडावर घासून बघितलं, वजन केलं, कापडाच्या पिशवीत घालून शिवलं, लाख लावली. त्या शिवणीवर मुलानं सही केली. सही करताना जीभ बाहेर काढायचा, शाळेतल्यासारखी.

ते पाच हजार घेऊन मी काय केलं असेल? त्याच बँकेत दुसऱ्या खिडकीवर गेले आणि माझ्या खात्यात टाकले. खिडकीवरची बाई बोलली, आताच तर घेतले. मी बोलले, घेतले, आता ठेवते.

मी आळीत सांगितलं. महिन्याभरात निम्मी आळी बँकेत. कोणी डब्यातलं नेलं, कोणी चुलीखालचं. सोनाराची पंचाईत झाली, तो नाकाला रुमाल लावून वजन करायचा. लग्न आलं की आमी पैसे भरून सोनं सोडवायचो, अंगावर घालायचो, हळद उतरली की परत नेऊन ठेवायचो. नारळी पुनवेला परत तसंच. वर्षात तीनदा सोडवलं, तीनदा ठेवलं. आमाला ते एकच सोनं, बँकेच्या वहीत तीन कर्जं. एकदा मॅनेजरनं सगळ्या बायकांना बोलावून पेढे दिले. शाखेचं काम लय वाढलं म्हणून त्याला वरून शाबासकी आली होती. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो लावला होता. माझी धाकटी जाऊ मला कोपर मारून बोलली, "वयनी, वाढलं काय गं? आपलं तर होतं तेवढंच हाय."

जाऊ माझी तोंडाची फटकळ. तिचं पुढं असं झालं की सोन्याचा भाव चढला. बँकेत नवीन पोरगा आला होता, कोट घालून. तो तिला बोलला, काकी, तुमच्या त्याच सोन्यावर आता दुप्पट मिळेल. तिनं घेतले, होडीला इंजिन घातलं. पुढचे दोन मोसम मासळी नाय. हप्ता थकला, व्याज चढलं, तिची गळसरी लिलावात गेली. कोणी घेतली, कुठं गेली, तिला कळलं पण नाय. तो पोरगा मला पण बोलला होता, मावशी, तुमाला पण मिळेल. मी बोलले, माझ्या सुनेचं सोनं हाय ते, मासळी हाय काय, भाव चढला की विकायला? तो मनाला लावून घेईल असं वाटलं होतं. तो हसून पुढच्या बाईकडे गेला.

मंग माझा मुलगा गेला. कावीळ झाली. आदी झाडपाला केला, मंग पालघरला नेलं, तोवर उशीर झाला होता. त्यावर मी जास्त काय सांगत नाय.

सून माझ्याजवळच राहिली. मूल नव्हतं. ती दहावी शिकलेली, सरावलीच्या एका ओळखीच्या बाईनं तिला कंपनीत पॅकिंगला लावलं. सकाळी ती बसनं जायची, मी पाटी घेऊन. संध्याकाळी दोघी एका चुलीवर. जास्त बोलायचो नाय. बोलण्यासारखं जे होतं ते दोघींना ठाऊक होतं.

बँकेत भाडं भरायची वेळ आली, मी गेले नाय. बाजारात रोज बसत होते, बँक दोनशे पावलांवर. पण दर वर्षी मुलगा बाजूला उभा राहून सही करायचा. ती खिडकी मला बघायची नव्हती. म्हटलं, पुढच्या वर्षी दोन वर्षांचं एकदम भरू. पुढच्या वर्षी गेले तर तिथं कपड्यांचं दुकान. बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत मिळाली, नाव बदललं, शाखा स्टेशनच्या पलीकडं गेली. शोधत गेले. दारावरचा शिपाई बोलला, "अम्मा, सिस्टम बंद है, कल आना." कल काय मी गेले नाय. ती चूक माझी. बँकेवर टाकून मोकळी होणार नाय मी.

ह्याच्यात अजून वर्ष गेलं. मंग सुनेला पालघरजवळच्या माहीमहून मागणी आली. माणूस चांगला, नारळाच्या वाडीत काम करतो, बायको मागंच वारली. सून नाय बोलत होती. मीच तिला बोलले, माझ्यापाठी किती दिवस बसशील, मी काय कायमची हाय? तिचा बाप आला बोलणी करायला. तो सोन्याचं काय बोलला नाय, गरीब माणूस. मीच त्याच्यासमोर बोलले, "हिचं सोनं हिच्याबरोबर जाईल. माझ्या घरचं घातलेलं पण. एक मणी कमी भरणार नाय." आळीतले चार जण बसले होते. सगळ्यांनी ऐकलं.

ते उठून गेल्यावर जाऊ भांडी घासत बोलली, "बोललीस खरी. बँकेत जाऊन बघितलंस काय?"

"सील करून ठेवलंय. कुठं जातंय?"

"माझं पण सील करून ठेवलं होतं, वयनी."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मासळी अर्धी तशीच बाजूवालीच्या हवाली केली आणि गेले. आत गार हवा, टोकन घ्यायचं यंत्र, बसायला लोखंडी खुर्च्या. बाजूचा माणूस माझ्या वासानं सरकून बसला, मला जागा झाली. नंबर आला तर समोर एक पोरगी, घाटावरची असावी, बोलणं एकदम पुस्तकातलं. तिला जुनी पावती दिली. ती कॉम्प्युटरमध्ये बघत राहिली. परत परत बघितलं.

"आजी, हे खातं लिलावाच्या यादीत आहे. बुधवारी लिलाव."

मी बोटांवर दिवस मोजले. पाच.

"कर्ज फक्त पाच हजार," ती बोलली. "आठ तोळ्यांवर पाच हजार? एवढ्यासाठी कोणी एवढं सोनं ठेवतं का?"

"कर्जासाठी नाय ठेवलं, बाय. सांभाळायला ठेवलं."

तिला कळलं नाय. मी मांदेलीपासून सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मागं लाईन वाढत होती. मंग ती बोलली, "पण आजी, आमच्याकडे हे थकीत कर्ज आहे. भरलं नाही तर सोनं विकायचं, असा नियम आहे. आम्ही नोटीस पाठवली, घर बंद म्हणून परत आली. मोबाईलवर तर चार मेसेज गेलेत. तुमचा मुलगा उत्तरच देत नाही."

मी बोलले, "तो नाय."

"बाहेरगावी असतात का?"

"नाय. तो नाय."

टाईप करणारी तिची बोटं थांबली. मंग हळू आवाजात बोलली, तसं असेल तर माझ्या एकटीच्या अंगठ्यावर सोनं सुटणार नाय. मयताचा दाखला पाहिजे. त्याची बायको आणि आई, दोघींनी यायचं. ओळखीचे दोघं, ज्यांचं बँकेत खातं हाय. आणि पैसे भरायचे. "सोमवारी या. सकाळीच या. मी साहेबांशी बोलून ठेवते."

पैशाचं काय नव्हतं. ते पाच हजार त्याच बँकेत माझ्या खात्यात होते, त्यात भर घातली की व्याज पण निघत होतं. म्हणजे बघा, सोनं त्यांच्या तिजोरीत, पैसे त्यांच्याच खात्यात, आणि लिलाव माझा. रिक्षात बसून मी ह्याचाच विचार करत होते. डोक्यात बसेना.

खरी गोष्ट पुढं होती. सुनेला सांगायला लागणार होतं. लग्नाला पंधरा दिवस, सगळ्यांच्या समोर मी शब्द दिलेला, आणि आता हिला सांगायचं की तुझं सोनं विकायला काढलंय, कारण तुझी सासू खिडकीत उभी राहायला घाबरली.

ती कंपनीतून आली, पाय धुतले, चहा ठेवला. मी शेगडीजवळच सांगितलं, सगळं एकदम. लपवलेलं पण सांगितलं, की दोन वर्षं मी भाडं भरलंच नाय. म्हटलं, चिडेल, रडेल, बापाला फोन करेल. तिनं गॅस बंद केला. विचारलं, "मेसेज कोणत्या नंबरवर गेले?"

"त्याच्याच. तो तर बंद झाला."

ती उठली. कपाटाच्या खालच्या खणातून त्याचा एक शर्ट काढला. शर्टात त्याचा फोन गुंडाळलेला. चालू. पडद्यावर उजेड आला.

"आये, मी रिचार्ज मारते. पगार झाला की."

"दर महिन्याला?"

"बंद केला की कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते. मंग त्या नंबरवर कोणतरी दुसराच बोलेल." ती खाली बघत होती. "तुमाला सांगितलं नाय. आता लग्न ठरलंय, लोक काय बोलले असते."

मी खिडकी बघवत नाय म्हणून पाय मागं घेतले, तिनं फोन बंद होऊ नये म्हणून पगारातनं पैसे घातले, आणि एका घरात राहून दोघींना एकमेकींचं कळलं नाय.

"मेसेज बघितले नायस काय?"

"बघितले, आये. पण किती येतात!" तिनं मला दाखवलं. मला वाचता येत नाय, बोटानं वर सरकवायची आणि वाचून सांगायची. कर्ज मंजूर झालंय. कर्ज घ्या, कागद नको. सोन्यावर जास्त घ्या. सणाचं कर्ज. गाडीचं कर्ज. रोजचे चार-पाच, सगळे त्याच बँकेचे. मेलेल्या माणसाला कर्ज देण्यासाठी पाठी लागले होते. "मी सोडून द्यायची. म्हटलं, सगळं तेच असेल." त्याच ढिगात, एकावर एक दबलेले, ते चार होते. लिलावाचे. इंग्रजीत. ती अडखळत वाचत होती, चौथा वाचून झाल्यावर बोलली, "मी वाचला असता तर." मी बोलले, "मी गेले असते तर." मंग आमी ते तिथंच सोडलं.

थोड्या वेळानं मी विचारलं, "तू कदी लावतेस काय त्याला?"

तिनं आपल्या फोनवरून लावला. शर्टावर ठेवलेला तो फोन वाजला. त्यानं लावलेलं तेच गाणं, होडीवर जाताना वाजवायचा ते. आमी दोघी वाजू दिलं. आपोआप बंद होईपर्यंत. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायलो.

सोमवारी ओळखीला दोघं पाहिजे होते. बाजारातला बर्फवाला लगेच तयार झाला. दुसरं कोण, विचार करत होते, तर जाऊ लुगडं नेसून दारात उभी.

"तू?"

"माझं खातं हाय तिथं. रिकामं हाय, पण हाय. तुला सांगितलं होतं ना बघ म्हणून? आता चल, नायतर सून म्हणेल काकीचं नुसतं तोंड चालतं." रिक्षात पण सगळ्यात आदी तीच जाऊन बसली. तिची गळसरी ह्याच बँकेतून गेली होती.

बँकेत दुपार झाली. सह्या, अंगठे, परत सह्या. माझा अंगठा तीनदा घेतला, कोलंबी सोलून-सोलून रेषा राहिल्या नायत. त्या घाटावरच्या पोरीनं साहेबाच्या खोलीत चार खेपा घातल्या. जेवणाची सुट्टी झाली तरी ती उठली नाय, तेवढं मी तिचं मानते. शेवटी पिशवी आणली. मळलेली, लाखेचा डाग, आणि शिवणीवर त्याची सही. अक्षरं वर चढत गेलेली.

सून बोलली, "मॅडम, सोनं काढल्यावर ही पिशवी मला मिळेल काय?"

पोरीनं साहेबाकडे बघितलं. साहेब बोलले, "नहीं, रेकॉर्ड में रखना पड़ता है." सुनेनं मान हलवली. कात्रीनं शिवण कापली तवा ती भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होती. सोनाराच्या काट्यावर सगळं बरोबर भरलं. एक मणी कमी नाय. इतक्या वर्षांनी पण बारीक वास येत होता सुकटीचा.

निघताना एक कोटवाला पोरगा आला. दुसरा होता, पण तसाच. "आजी, परत ठेवता का? आता भाव बघा केवढा आहे. पाच हजार कशाला, भरपूर मिळेल." जाऊ एवढ्या जोरात हसली की शिपाई बघायला लागला. ती बोलली, "बाबा, तुला ठेव म्हटलं की द्यायचंच सुचतं काय रे? नुसतं सांभाळणारं कोणी नाय काय तुमच्यात?"

त्यानं तिच्या हातात कर्जाचं पत्रक दिलं. बँकेनं माझं सोनं राखलं, हे खरं. चोर आला नाय, एक गुंज हलली नाय. आणि तीच बँक बुधवारी ते विकणार होती, हे पण खरं. तिथल्या कोणाच्या मनात वाईट नव्हतं. आदीच्या मॅनेजरच्या नाय, ह्या पोरीच्या पण नाय. त्यांची वही वाढत होती आणि आमाला वाटत होतं आमची तिजोरी हाय. एकाच पिशवीकडे दोघं दोन बाजूनं बघत होतो, इतकी वर्षं, आणि कोणी कोणाला विचारलं नाय. आळीतल्या ज्या बायकांचं अजून तिथं होतं त्यांना मी घरोघर जाऊन सांगितलं, पावती काढा, नंबर कोणाचा दिलाय बघा. दोघींचे नंबर बंद निघाले.

लग्न झालं. माहीमच्या मंडपात माझी सून अंगभर सोनं घालून बसली. तिच्या बापानं माझ्याकडे बघून नुसते हात जोडले. मी पण जोडले.

सासरी निघताना ती मला आत घेऊन गेली. शर्टात गुंडाळलेला फोन माझ्या हातात दिला. "आये, हा आता तिथं नको." मी बोलले, "नको." मंग ती दुकानाचं सांगू लागली, कुठं रिचार्ज मारतात, किती दिवसांनी, काय बोलायचं. मी बोलले, मला ठाऊक हाय ते दुकान.

आता महिन्याच्या महिन्याला मी जाते. दुकानदार मला विचारत नाय कोणाचा नंबर ते. मेसेज अजून येतातच. परवा जाऊच्या नातीनं वाचून दाखवला, त्याला घरासाठी कर्ज मंजूर झालंय म्हणे. मी बोलले, राहू दे, ठेव खाली.